डाव्या सीटसमोरची दांडी

मेकॅनिकने माझ्या जुन्या जीपचं बॉनेट लावलं. “काका, पेट्रोल इंजिन संपलंय. खोलून पुन्हा बांधायचं की डिझेल गाडी घ्यायची, ते तुम्ही ठरवा.” मग डाव्या सीटसमोरच्या, धरायच्या दांडीकडे बघत त्याने विचारलं, “काकू घाबरायच्या का हो?”

दांडीचं रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं. वीस वर्षं दर रविवारी मी बायकोला हौसेने घाटात नेलं. वळणावर ती गप्प व्हायची. मला वाटायचं, दरी बघतेय. शेजारचं माणूस जीव मुठीत धरून बसतं आणि आपण रस्ता बघत असतो.

ती जाऊन वर्ष झालं. आता ही जीप दुरुस्त करायची, तर प्रत्येक वळणावर ती दांडी दिसणार. डिझेल घ्यायची, तर तिची भीती भंगारात विकायची.