कुशीवर वळेपर्यंत

आमच्या लॅबमधले किस्से म्हणजे उंदरांच्या लेंड्या. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढ्याच! शिरवळला औषधांच्या लॅबमध्ये उंदरांना खायला घालायचं काम माझं. लोक हसतात. हसा बापडे, पण त्या उंदरांनी मला लय भित्रा करून ठेवलाय.

*

एका पिंजऱ्यातल्यांना तेलातलं खाणं, दुसऱ्यातल्यांना बिनतेलाचं. मग सगळ्यांना सारखंच झोपेचं औषध टोचायचं, उताणं ठेवायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. उंदीर कुशीवर वळला की घड्याळ बंद. बिनतेलवाले लवकर वळायचेच नाहीत!

लॅबच्या मॅडम सांगायच्या, "लिव्हरमधली एन्झाइम्स औषध मोडून काढतात. खाण्यात तेलच नसलं की ती कमी पडतात, औषध अंगात रेंगाळतं."

*

एकदा बिनतेलवालेही पटापट वळायला लागले. मॅडम चक्रावल्या. शेवटी माझा जोडीदार शिवा सापडला. पठ्ठ्या दोन आठवडे स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांना चारत होता!

"मॅडम, आमी दुष्काळी माणची माणसं. घरात असंल तर कोरडं कुणाला वाढत न्हाई!"

*

मग एक बिनतेलवाला वळलाच नाही. मी घड्याळ धरून बसलेलो. मॅडमनी वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "घड्याळ बंद कर ते." मी घड्याळ दाबलं आणि मेलेला उंदीर उचलला.

त्या दुपारी कँटीनमध्ये मी आणि शिवानं वाटीभर तर्री जादा मागून घेतली. मॅडम हसल्या, "अरे, उंदीर म्हणजे माणूस नव्हे!"

"मग ही टेस्ट काय उंदरांसाठी चाललीया व्हय?" शिवा म्हणाला.

*

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर, मुक्काम रहिमतपूर. डॉक्टर म्हणाले तेल कमी करा, यांनी बंदच केलं! "ऑर्डर म्हंजी ऑर्डर." कोरडी भाकरी आणि उकडलेली भाजी.

मी म्हटलं, "आबा, तुमी झोपंची गोळी घेताय. डॉक्टरला इचारा तरी."

"उंदरं राखून डॉक्टर झालास व्हय रं?"

रविवारी मी घरी होतो. आदल्या रात्री डोळा लागला नव्हता म्हणून आबांनी दुपारी जेवणावर गोळी घेतली. चहाची वेळ झाली तरी उठेनात. उताणे पडलेले. हलवलं, हाका मारल्या, हूं नाही की चूं नाही. श्वास चालू होता. डॉक्टरांना फोन केला, ते निघाले. लॅबचं घड्याळ चुकून माझ्या खिशातच राहिलेलं. कधी काढलं, कधी दाबलं, मला कळलंच नाही.

आई रडत ओरडली, "बाप असा पडलाय आन् काय बघत बसलायस? घड्याळ बंद कर त्ये!"

"न्हाई!" मी एवढ्या जोरात किंचाळलो की आबा कुशीवर वळले.