रईसच्या तोंडून न निघणारं वाक्य

कैरोत फैसल नावाच्या वस्तीच्या गल्ल्यांतून सुदानी माणूस पावलोपावली भेटतो, पण हसबुर्रसूलसारखा नाही भेटायचा. चालायचासुद्धा तो नावेत उभा असल्यासारखा, पाय फाकवून, अंग सैल सोडून. सुदानात शेंदीजवळच्या आपल्या गावी त्यानं उभा जन्म नाईल नदीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसं नेली. वऱ्हाडं नेली, बकऱ्या नेल्या, अडलेल्या बाळंतिणी नेल्या. एकदा तर माहेरी रुसून निघालेली बाई आणि तिच्या मागोमाग धावत आलेला नवरा, दोघं एकाच नावेत! यानं मधोमध वल्हं थांबवलं नि म्हणाला, "आधी मिटवा, मग तीर." मिटलं की हो! तर अशा माणसाला लढाईनं गावातून उठवलं आणि कैरोत चौथ्या मजल्यावर आणून टाकलं. तिथून पाणी दिसायचं ते शेजारच्या गच्चीवरच्या टाकीतून गळणारं.

नाव चालवणाऱ्याला तिकडे रईस म्हणतात. कैरोत नाव राहिली नाही, तरी लोक रईसच म्हणत.

मग बातमी आली की कैरोतच, नाईलकाठी मआदीला परदेशी लोकांचा एक नौका क्लब आहे आणि त्यांना नावा सांभाळणारा, नवशिक्यांना पाण्यावर नेणारा माणूस हवाय. इंग्रजी मात्र बोलता आलं पाहिजे. झालं! त्या दिवसापासून रईस झोपेतसुद्धा हात हलवायला लागला. बायको म्हणे, "कुठं निघालात एवढ्या जोरात?"

उस्ताझा, म्हणजे मास्तरीणबाई, इख्लास पूर्वी सुदानात वद मदनीच्या शाळेत शिकवायच्या. आता बालवाडीची खोली दुपारी रिकामी झाली की त्या आपल्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवत. खुर्च्या पोरांच्या. बसलं की गुडघे हनुवटीला. भिंतीवर कागदाचे मासे चिकटवलेले, पंखा फिरला की ते हलायचे. रईसचे डोळे हळूहळू मिटत आणि उस्ताझांनी सांगितलेले शब्द, दोर, वारा, घाट, सावकाश, त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून तरंगत जात. शिकायची ही त्याची तऱ्हा. पण गेलेला शब्द परत बरोबर येई, हेही खरं.

क्लबातल्या भेटीचा दिवस जवळ आला तेव्हा उस्ताझांनी त्याला उभं केलं.

"हं, रईस, बोला. मला ही नदी चांगली माहीत आहे."

रईस भिंतीवरचे मासे बघायला लागला.

"विसरलात?"

"नाही, उस्ताझा. आठवतंय म्हणूनच बोलत नाही."

"म्हणजे?"

"नावेवरचा माणूस असं म्हणत नसतो. माझा चुलता म्हणाला होता एकदा, भर लग्नात, छाती पुढे काढून. दुसऱ्या सकाळी नाव आली. चुलता नाही आला."

मग मागच्या खुर्चीवरून मस्तूरा खेकसली. ती बसथांब्यापाशी चहा विके आणि तिला परदेशी घरात स्वयंपाकाचं काम हवं होतं. "अहो, इंग्रजीत म्हणायचंय ना! नदीला कुठलं आलंय इंग्रजी?"

"तिच्या काठानं किती गोरे आले नि किती गेले, पोरी. तिला येतं. येत नाही ते मला!"

सगळी खोली हसली. उस्ताझाही हसल्या, पण कपाळाला हात लावून. "पहिलं तेच विचारतील, रईस. मग काय सांगाल?"

"विचारणार नाहीत. दिसत नाही का माझ्याकडे बघून?"

विचारलं की! क्लबाच्या चिटणीस हानेकेबाई हॉलंडच्या, त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच. रईसनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वल्ह्याला काय म्हणतात, दोराला काय म्हणतात, सगळं नीट सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "ही नदी माहीत आहे तुम्हाला?"

"नाही," रईस म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग माफ करा. आम्हाला नदी माहीत असलेला माणूस हवा."

रईस उठला. खिडकीबाहेर ऊन पाण्यावर पसरलं होतं, आणि ते बघताना पाय काही दाराकडे वळेनात. डोक्यातलं सगळं इंग्रजी पांगलं होतं. त्यानं ते एकेक करून गोळा केलं.

"बाई. माझ्या गावी, नावेचा माणूस असं बोलत नाही. पाणी ऐकतं. मी बोलत नाही. मी दाखवतो."

यातलं एकही वाक्य उस्ताझांनी शिकवलेलं नव्हतं. शब्द मात्र सगळे त्यांचेच.

बाई टोपी घालून त्याच्यामागं घाटावर आल्या. दोघं नावेत बसले. पण रईस वल्ह्याला हात लावीना! त्यानं बाही वर केली, मनगटापर्यंत हात पाण्यात सोडला आणि आपल्या भाषेत सुरू झाला, "सलाम अलैकुम. बरी आहेस ना? प्रकृती कशी? घरचे कसे? शेंदीवरून आलीस ना गं? घाटावरची बाभूळ आहे अजून? आमच्या घराचं दार कुणी लावलं का? अस्वानच्या धरणात फार थांबवलं का तुला? मलाही इथं थांबवूनच ठेवलंय बघ." सुदानी माणसाची विचारपूस, ती काय लवकर संपते!

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं, का कोण जाणे, अगदी हलक्या आवाजात.

"ती माझ्या गावाहून आली. आधी विचारायचं. मग काम."

मग त्यानं वल्ही उचलली. नाव निघाली, पण निघाल्याचं जाणवलंच नाही. काठच तेवढा मागं मागं जात होता, खजुराची झाडं, उंच इमारती, गाड्यांचे आवाज, सगळं धुकं विरावं तसं विरत गेलं. बाईंनी पुढं एकही प्रश्न विचारला नाही. परत घाटाला लागल्यावर त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी सकाळी या. कामाला."

रईसनं मान हलवली, दोर बांधला, आणि पुन्हा नावेतच बसून राहिला.

"उतरायचं नाही का?"

"थांबा, बाई," तो म्हणाला, आणि त्याचा हात पुन्हा पाण्यात गेला. "मी खूप विचारलं. ती आता सांगते आहे."

बाई थांबल्या.