भाच्याचा शब्द आणि मामांची जपानी गाडी

चुकलो असं गॅरेजवाल्यानं गिऱ्हाइकासमोर कधी म्हणू न्हाई, हे माझं सव्वीस वर्षांचं धोरण. जालन्यात टू-स्ट्रोक गाड्या खोलण्यात जिंदगी गेली, कुणाचं ऐकून घेतलं न्हाई. मागच्या साली मामांच्या गाडीनं ते धोरण पार मोडून टाकलं. अजून आठवलं की मी गार पडतो.

मामा जपानात वेल्डर होते. परत येताना त्यांनी तिथली लाल, बुटकी स्पोर्ट गाडी जहाजातून आणली. आख्ख्या जालन्यात तशी दुसरी न्हाई. दर संकष्टीला मामा-मामी तिच्यात बसून राजूरच्या गणपतीला जायचे. गाडी दरसाल थोडी थोडी मंद होत गेली, तर मामा म्हणायचे, आमच्यासारखी म्हातारी झाली, दुसरं काय! दोन वर्षांखाली मामी गेली, पण मामांनी राजूरची फेरी सोडली न्हाई. बाजूच्या सीटवर मामीची शाल घडी करून ठेवायचे अन् निघायचे.

मंग एका संकष्टीला गाडीनं देवळाच्या चढावर अर्ध्यातच दम सोडला. नारळवाल्यांनी ढकलून कडेला लावली. त्यातला एक म्हणाला, "बाबा, पुढच्या टायमाला बैल जुंपून आणा." मामांचा पुण्यातला पोरगा फोनवर म्हणाला, द्या भंगारात. मामा गाडी घेऊन माझ्याकडं आले. "भाचे, पुढच्या संकष्टीला चढ चढली तर ठेवतो. न्हाई चढली तर जाऊ दे भंगारात. माझी काही तक्रार न्हाई." तक्रार न्हाई म्हणे, अन् माणूस गाडीतून उतरायला तयार न्हाई.

बॉनेट उघडलं अन् मी बघतच राह्यलो. इंजिन आमच्या घरच्या कुकरएवढं! पिस्टन न्हाई, व्हॉल्व्ह न्हाई. फोनवर व्हिडिओ बघितले तेव्हा कळलं, आत दोन जाड तिकोनी लोखंडं गरगर फिरतात अन् त्यांच्या कोपऱ्यावरच्या बारीक पट्ट्या दाब धरून ठेवतात. च्यायला, इंजिन हाय का पिठाची गिरणी? प्लग काढले तर चारी काळे अन् पेट्रोलनं ओले. दाब मोजला तर काटा जागचा उठंना. मंग गाडी किती चालली ते बघितलं, अन् मला चक्कर यायचीच बाकी राह्यली. आमच्या चौकातली रिक्षा वर्षात याच्यापेक्षा जास्त पळते. एवढी जपलेली गाडी आतून अशी खलास कशी?

"मामा, खरं सांगा. हिला कुणी लई पळवून तंगडवली का?"

मामांनी कानाला हात लावले. "शपथ घेतो. चाळीसच्या वर काटा नेला न्हाई कधी. अन् रोज सकाळी अगरबत्ती लावून दोन मिनिटं चालू करतो, हातभर पुढं घेतो, हातभर मागं, अन् बंद. एक दिवस खाडा न्हाई."

"शाबास," मी म्हणालो. शाबास म्हणालो मी!

डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं जपानी पुस्तक होतं. हळदीकुंकवानं पानं चिकटलेली. दर दसऱ्याला त्याची पूजा झाली, वाचलं मात्र कुणी न्हाई. मामांना जपानी बोलता यायचं, वाचता येत न्हवतं. मी फोनचा कॅमेरा पानावर धरला. फोननं वाकडंतिकडं मराठी करून दिलं. थंड इंजिन चालू करून, गाडी थोडी हलवून, लगेच बंद करू नये. आत पेट्रोल साचते, पट्ट्यांवरचे तेल धुऊन जाते. खाली अजून एक ओळ होती. इंजिन गरम झाल्यावर अधूनमधून मीटरवरच्या लाल रेषेपर्यंत जोरात फिरवावे, नाहीतर काजळी धरते.

मी ते मोठ्यानं वाचलं अन् वाचता वाचताच जीभ अडकली. फोन सदऱ्याला पुसला, परत धरला. तेच आलं. मामा माझ्याकडं बघायला लागले.

कारण ते दोन्ही नियम माझे होते. तेरा वर्षांखाली, गाडी आली त्या दिवशी, वीस माणसांसमोर छाती फुगवून मीच सांगितल्तं. मामा, रोज दोन मिनिटं चालू करायची, बॅटरी उतरत न्हाई. अन् चाळीसच्या वर न्यायची न्हाई, इंजिनाचं आयुष्य वाढतं अन् ॲव्हरेजबी बराबर भेटतं. इंजिन कुठलं हाय, हे बॉनेट उघडून बघायचीबी मला गरज वाटली न्हवती. आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो, वयानं कितीबी थोर असू द्या. मामांनी माझा शब्द देवाचा शब्द म्हणून पाळला. एका शब्दानं बोलले असते तरी बरं वाटलं असतं मला. ते नुसतं म्हणाले, "होईल का रे काही?"

संकष्टीपर्यंत मी दुसरं काम हातात घेतलं न्हाई. चारी प्लग अन् कॉईल नव्या टाकल्या. सायलेन्सरमधली जाळी काजळीनं गच्च झाल्ती, ती बदलली. आत तेल सोडून इंजिन हातानं फिरवलं अन् काजळी मऊ व्हायला दोन दिवस तसंच ठेवलं. पेट्रोलमध्ये जरासं टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलं, कारण हे इंजिनबी तेल जाळतं. तेवढीच एक गोष्ट माझ्या ओळखीची निघाली. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा असला धूर झाला की शेजारचा चहावाला बादली घेऊन पळत आला. परत दाब मोजला. काटा उठला. पुरा न्हाई, पण उठला. राह्यलेली काजळी आता रस्त्यावरच जाळायची होती.

संकष्टीला सकाळी आम्ही राजूरला निघालो. मामीची शाल मांडीवर घेऊन मी बाजूला बसलो. इंजिन गरम झालं, रस्ता मोकळा झाला.

"मामा, दाबा."

"किती?"

"पूर्ण."

"अरे, पण तूच तर म्हणाल्तास..."

"मी गाढव होतो! दाबा!"

मामांनी दाबलं. दुसऱ्याच गियरमध्ये आवाज चढत चढत गेला, मागं काळा लोट सुटला, माझी पाठ सीटला चिकटली, अन् एकदम टीं टीं वाजायला लागलं. मामांनी दचकून पाय काढला. "काय मोडलं रे?"

"काही मोडलं न्हाई. लाल रेषा आली म्हणून वाजतं ते."

तेरा वर्षं गाडी दारात, अन् हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच न्हवता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. "परत दाबू?" म्हणाले.

"दाबा की!"

देवळाचा चढ आला. आम्हाला बघून नारळवाले बाह्या सारून उठले. गाडी त्यांच्यासमोरून सरळ वर निघून गेली.

"चढली! मामा, चढली!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "आता कोण भंगारात घालतो ते बघतोच मी!"

मामांनी वर कडेला गाडी लावली. इंजिन लगेच बंद केलं न्हाई, चालू राहू दिलं. माझ्या मांडीवरची शाल उचलून त्यांनी स्वतःजवळ घेतली.

"तुझी मामी दर खेपेला म्हणायची, अहो, जरा पळवा की. एकदा तरी," ते म्हणाले. "मी म्हणायचो, भाच्यानं न्हाई म्हणलंय."