पूज्यावर पूज्य

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंटच्या पायऱ्यांवर चिंचा चोखत आपण गणिताची कोडी सोडवायचो, आठवतं ना? तेच इंग्रजी पुस्तक मी इथे अनसिंगला रोज दुपारी घरच्यांना मराठीत सांगत वाचते. शून्याला आमच्याकडे पूज्य म्हणतात, म्हणून मोठ्या जाऊबाई प्रत्येक शून्याला हात जोडतात. सगळे हसतात, त्याही हसतात.

आज नवं कोडं वाचलं. तीनचा आकडा आठ वेळा वापरा आणि बेरीज हजार करा. सगळ्यांनी अंगणभर काडीने आकडे काढले. हजार काही होईनात.

"अवं इंदे, पूज्य कवा येते? मी कवाची हात जोडून बसून राह्यली," जाऊबाई म्हणाल्या.

माझ्या सुनेने पुस्तकात डोकावलं. तिला इंग्रजी आकडे येत नाहीत. "आत्याबाई, हे तं पूज्यावर पूज्य ठेवेल हाये!"

म्हणजे इंग्रजी आठ. मी त्याला तीन वाचत होते; ‘आठ वेळा’ मात्र अक्षरांत छापलं होतं. आठ घेतल्यावर हजार झाले आणि जाऊबाईंनी तीनदा हात जोडले. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला अजून तीनच दिसत होता.

घरात दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत नाही. उद्या दुपारी सगळे येऊन बसतील, त्यांना काय सांगू?

या फिरत्या पत्रासोबत पुस्तकही पाठवते आहे. कमल, ते तू ठेवून घे आणि कोडी मराठीत उतरवून सुनेच्या नावाने पाठव. आता तीच वाचेल. पूज्यं मात्र मोठी काढ, तेवढी तरी मला दिसतील.