मालकाच्या रकान्यात ‘हे’

माझं शिक्षण सातवीपर्यंत. मी कम्प्युटरविषयी लिहितो म्हटल्यावर कोणाला हसू येईल. येऊ द्या.

बायको गेली अन् तिच्या बचत गटाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहिली, कारण खोली आमच्याच घराची, रस्त्याकडची. गट पापड, शेवया, तिखट करतो. माल नांदुऱ्याला, चिखलीला जातो. खोलीत कोणत्याशा ऑफिसानं काढून टाकलेले जुने लॅपटॉप आहेत. सुनेनं त्यांच्यावर लिनक्स नावाची मशीन चालवणारी सिस्टीम टाकून दिली, फुकटातली, सगळ्यांना खुली. बायका त्यावर ऑर्डरी घेतात. पण कोणी पासवर्ड विसरलं, कोणाचं लेबल छापेना, की सून एकेक मशीन मांडीवर घेऊन बसायची. शेवटी ती वैतागली अन् सगळ्या मशिनी एका जागेवरून सांभाळणारं साधन निवडायला तिनं गट बोलावला. मी दारात बसलो.

तिनं दोन साधनं सांगितली. पहिलं बाहेरच्या कंपनीचं. सांभाळायचं काम त्यांचं, पण आधी सगळ्या मशिनी पुसून एकसारख्या करायच्या. दुसरं लिनक्ससारखंच खुलं. मशीन आहे तशीच राहते, फक्त एक छोटा प्रोग्राम टाकायचा. पण त्याच्यासाठी एक कम्प्युटर आपल्याच खोलीत कायम चालू पाहिजे अन् रोज कोणीतरी त्याच्याकडे पाहिलं पाहिजे.

“पहिलंच घे व माय,” गटाची अध्यक्ष म्हणाली. “रोज कोण पाहीन? आमाले पापड लाटू देशीन का नाही?”

पुसायचं म्हणजे आतलं सगळं जाणार. बायकोच्या मशीनमध्ये तिचा आवाज आहे. टाईप करायचा तिला कंटाळा. तिखटात काय किती घातलं ते ती बोलून ठेवायची. ती गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. ऐकायची हिंमत नव्हती. पण पुसू द्यायचं नव्हतं. तसं मी सरळ सांगितलं.

“मामाजी, आवाज पेनड्राईव्हमध्ये घेता येते,” सून म्हणाली.

“घे. पण मशीन पुसू नको.”

“काऊन भाऊजी, देव्हाऱ्यात मांडता का तिले?” अध्यक्ष म्हणाली. “नव्या सुनबाईले मशीन नाही अन् ही धूळ खाऊन राह्यली.”

खरं होतं. गटात नुकतीच आलेली एक पोर, गावातली नवी सून, दुसरीच्या मशीनवर काम करत होती.

सुनेनं दुसऱ्या साधनाचा प्रोग्राम मशिनींवर टाकून ते नुसतं दाखवायला म्हणून चालू केलं. पडद्यावर मशिनी ओळीनं आल्या, पुढे ‘मालक’ असा रकाना. मशिनी खोलीत आल्या तेव्हा बायकांनी त्यांच्यात भरलेली माहितीच त्यानं उचलली होती. सून पाहतच राहिली. सगळे मालक पुरुष.

“मालक म्हंजे मशीन कोणाच्या हातात, ते विचारलं होतं मी.”

“मालक म्हंजे नवरा,” अध्यक्ष म्हणाली. “एवढी शिकली अन् हे माहीत नाही तुले? माह्या मालकानं तर त्याले बोट बी नाही लावलं.”

बायका हसून हसून बेजार झाल्या. माझ्या बायकोच्या मशीनपुढे नुसतं ‘हे’ होतं.

“हे कोण?” सुनेनं विचारलं.

अध्यक्षबाईनं हनुवटी माझ्याकडे केली. “बसले ना दारात.”

बायकोनं जन्मभर माझं नाव घेतलं नाही. समोर ‘अवो’, लोकांत ‘हे’. कम्प्युटरपुढेही तिनं तेच पाळलं.

“मामाजी, मशीन बिघडली की निरोप मालकाले जाते,” सून हळू म्हणाली. “रकाना बदलाच लागन.”

“बदल. जिच्या हातात मशीन, तिचं नाव टाक. आमच्या मशीनवर त्या पोरीचं टाक. आतलं फक्त राहू दे.”

“मंग दुसरं साधन घ्या लागन. अन् रोज पाहीन कोण?”

“मी पाहीन. मले दुसरं काम काय आहे?”

तसंच ठरलं. आता रोज सकाळी खोली उघडतो. सुनेनं दाखवलं तसं, कोणती मशीन हिरवी, कोणती लाल ते पाहतो. लाल, म्हणजे बिघडलेली, दिसली की सुनेला हाक मारतो.

परवा ती नवी पोर म्हणाली, “काकाजी, यंदाच्या तिखटाचं प्रमाण मिळून नाही राह्यलं. काकूनं बोलून ठेवलेलं लावू का?”

मी उठून जाणार होतो. बसलो.

“लाव,” म्हटलं. “मीठ मात्र ती सांगन त्याच्यापेक्षा कमी घाल. तिले जास्तच लागे.”