नवसूबाबांची हुंगणी

काचेचं कपाट उघडण्याआधी नवसूबाबा दारात उभे राहून खाकरायचे. चपला बाहेर, टोपी सरळ, मग एकदाच खाकरणं आणि त्यानंतरच किल्ली. जव्हारच्या त्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला धुळीचा त्रास असावा. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर ते हसले. म्हणाले, "आत मंडळी बसलीत, बाय. न सांगता कसं शिरायचं?"

मंडळी म्हणजे पाच टाक. तळहातावर मावणारे देव, पातळ पत्र्यावर ठोकून काढलेला घोडा आणि त्यावर बसलेला 'हिरवा' नावाचा देव. हे टाक नवसूबाबांच्याच पाड्यावरचे, सूर्यमाळकडचे. एकदा तिथे घराला आग लागली, टाक धुराने काळेठिक्कर पडले आणि पाड्याने ते सांभाळायला म्हणून संग्रहालयात दिले. पाठोपाठ नवसूबाबा तिथे शिपाई म्हणून लागले, पण 'मी देवांसंगं आलो' असंच ते सांगत. नोंदवहीत टाकांपुढे 'धातू : जस्त असावे' असं लिहिलेलं होतं. कुणी तपासलं, कधी तपासलं, पत्ता नाही. डोंगरातल्या माणसांचा देव, तो आणखी कशाचा असणार, एवढाच त्यामागचा विचार असावा.

ते तपासायलाच मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून आले होते. माझं यंत्र केस वाळवायच्या यंत्राएवढं. ते धातूला टेकवलं की क्ष-किरण सुटतात, आणि आत चांदी असो की तांबं, जो तो आपल्या ओळखीचे किरण परत पाठवतो. मिनिटभरात पडद्यावर यादी हजर. ना ओरखडा, ना कानस. हे सगळं मी फार ऐटीत समजावून सांगितलं. नवसूबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यंत्राचं बारसं करून टाकलं, "म्हंजे ही हुंगणी." आज आमच्या प्रयोगशाळेतही त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

पण एक मेख होती. यंत्राने नीट उत्तर दिलं नाही, तर एका टाकाच्या कडेला बारीक भोक पाडून नमुना घ्यायचा, असं तिथल्या साहेबांनी ठरवून ठेवलं होतं. साहेब वाईट नव्हते, नोंदी पक्क्या व्हाव्यात एवढाच त्यांचा हट्ट. नवसूबाबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भोक पडलेला देव आमी ठेवत नाय, बाय. नदीत सोडतो."

पहिल्याच टाकाच्या छातीवर मी यंत्र टेकवलं आणि पडद्यावर बाकी सगळं झाकोळून आला पारा! मी नाचायचीच बाकी राहिले. पाऱ्यात कालवून सोन्याचा मुलामा देण्याची जुनी रीत मला ठाऊक होती. सोनं झिजलं, पारा उरला, देव कुठल्या तरी मोठ्या कारागिराच्या हातचा, असे इमले मी पाच मिनिटांत रचले. पुण्याला फोन केला, साहेबांनाही सांगून आले. साहेबांनी मात्र वेगळाच अर्थ काढला. सोनं दिसत नाही, पारा दिसतोय, म्हणजे घोळ आहे, उद्या सकाळी नमुना घेऊ. आणि खरं सांगते, मीही हो म्हटलं. मला उत्तर हवं होतं. त्या 'हो'ची लाज मला अजून वाटते.

सकाळी टेबलावर बारीक ड्रिल येऊन पडलं. नवसूबाबांनी ते बोटाने टाकांपासून लांब सरकवलं. मग त्यांनी विचारलं की हुंगणीने काल नेमकं कुठं हुंगलं. मी दाखवलं: देवाची छाती. ते हसायलाच लागले.

"हुंगणीला देव नाय घावला, बाय. तिला शेंदूर घावला."

माझे कान गरम झाले. शेंदरात अनेकदा हिंगूळ असतो आणि हिंगुळात पारा, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. वरून पुसलेला शेंदूर कोरलेल्या रेघांत बसून राहतो, हेही माहीत होतं. पण काचेमागे ठेवलेल्या वस्तूची कधीकाळी पूजा झाली असेल, हे काही डोक्यात आलं नाही.

"पाठ हुंगा. देव टोपलीत तांदळात ठेवतात. त्याच्या पाठीला शेंदूर कोन लावतो?"

पाठ खोलगट, तिथे यंत्र नीट टेकत नाही म्हणून मी ती सोडली होती. नवसूबाबांनी टाक पालथा करून कोपऱ्यातली सपाट जागा बोटाने दाखवली. मी यंत्र टेकवलं. चांदी. दुसरा टाक, चांदी. तिसरा, चौथा, पाचवा, पाचही चांदीचे, आणि त्यात थोडं तांबं, जुन्या चांदीच्या रुपयांत असतं तसं. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की साहेब हातातला चहा सांडत धावत आले. त्यांनी पडद्यावरच्या पाचही याद्या निरखून पाहिल्या आणि ड्रिल स्वतःच्या हाताने पेटीत ठेवलं.

नवसूबाबा टाकांसमोर जमिनीवर बसले. मला वाटलं, सुटल्यासारखं झालं असेल.

"आजा सांगायचा, बायांनी गळ्यातल्या माळंचे रुपये काढून दिले व्हते देवाला," ते म्हणाले. "आमाला वाटं, म्हातारा वाढवून सांगतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. साहेबांनी नोंदवही आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, बाबा, तुम्हीच दुरुस्त करा. चौथीपर्यंत शिकलेल्या नवसूबाबांनी 'जस्त असावे'वर रेघ मारली आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढत लिहिलं, 'चादी आहे'.

गेल्या चैत्रात नवसूबाबा गेले. आता संग्रहालयाच्या नोंदी संगणकावर चढवताहेत. परवा तिथल्या मुलीचा फोन आला. मॅडम, एका ठिकाणी अनुस्वार राहिलाय, घालू का? मी म्हटलं, संगणकात घाला. वहीत मात्र पेन टेकवू नका, ते बाबांच्या हातचं आहे.