बाथरूममध्ये पडलेला नवरा

आमच्या घराण्यात पोलिसांचा मार कोणी खात नाही, माणसं बाथरूममध्ये पडतात. निदान सासूबाईंचं तसं ठाम म्हणणं होतं.

झालं होतं ते असं. ठाकुर्ली स्टेशनबाहेर एक हवालदार एका रिक्षावाल्याला मारत होता. माझा नवरा वागळे इस्टेटमधलं ऑफिस सुटल्यावर घरी येत होता. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं तरी मला हाक मारणारा हा माणूस तिथे मात्र पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, त्याला मारताय कशाला?" उत्तर काठीनेच मिळालं.

सकाळी सासूबाईंनी सोसायटीभर बाथरूमची बातमी पोचवली. शेजारी प्रेमळ. दुपारपर्यंत आमच्याकडे तीन रबरी मॅट जमल्या, फरशी बदलण्याचा सल्ला वेगळा. नवरा पालथा पडून सगळ्यांचे आभार मानत होता. मला हसू येत होतं आणि त्याचा रागही.

कल्याण कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने फोनवर त्यालाच झापलं. "बाथरूम काय लावलंयस रे? सरकारी हॉस्पिटलला जा, खरं सांग, एकेक वळ लिहून घे. मग वरच्या साहेबांकडे तक्रार करू, त्यांनी नाही ऐकलं तर कोर्ट आहेच. पण वळ गेले की दाखवणार काय तू?"

तो "बघू" म्हणाला. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. शेवटी मीच रिक्षा बोलावली. आम्ही तिथे भलतंसलतं बोलू नये म्हणून सासूबाईही बसल्या.

"कशाने लागलं?" डॉक्टरांनी विचारलं. नवऱ्याने आईकडे पाहिलं. "बाथरूममध्ये पाय घसरला." मी कपाळाला हात लावला.

"शर्ट काढा."

तोपर्यंत त्याने पाठ कोणालाच दाखवली नव्हती, मलाही नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत काळेनिळे वळ होते. माझी सगळी थट्टा तिथेच संपली. मला रडू आलं.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. "पोलिसाने मारलंय त्याला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तसंच लिहा. मी आई आहे त्याची."

एवढं बोलून त्या पदराने त्याची पाठ झाकायला लागल्या.

"आजी, झाकू नका," डॉक्टर म्हणाले. "मला नीट बघू द्या."